डीएनएससेक लावायचंय: बाइंड ९.१८, प्रायमरी जळगावात, सेकंडरी धुळ्यात. डीएस कधी चढवायचा?

केळीपट्टा_नेट

राम राम मंडळी.

रावेर-यावल भागातल्या केळी व्यापाऱ्यांच्या एका संघाचं डॉट इन डोमेन माझ्याकडे आहे. साइटवर रोजचा भाव आणि गाड्यांचं बुकिंग असतं, आणि त्याच डोमेनच्या मेलवरून बँक खात्याचा नंबर असलेली बिलं जातात. म्हणजे कोणी एखाद्या रिझॉल्व्हरच्या (नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरच्या) कॅशमध्ये खोटा पत्ता घुसवला, तर शेतकऱ्याचे पैसे भलत्याच खात्यात जाऊ शकतात. म्हणून झोनवर (डोमेनच्या सगळ्या डीएनएस रेकॉर्डवर) डिजिटल सही करायचं, म्हणजेच डीएनएससेक लावायचं ठरलं आहे.

मांडणी अशी: जळगावच्या ऑफिसात डेबियन १२ वर बाइंड ९.१८ हा डीएनएस सर्व्हर प्रायमरी आहे, धुळ्यात झोनची प्रत ठेवणारा तसाच सेकंडरी. झोनमध्ये चाळीसेक रेकॉर्ड. झोन फाइल डेबियनच्या नमुन्यावरून (डीबी डॉट लोकल) केली होती, एसओएमधले (झोनच्या वेळा ठरवणाऱ्या रेकॉर्डमधले) आकडे, सेकंदांत, त्यातलेच आहेत: रिफ्रेश ६०४८००, रिट्राय ८६४००, एक्स्पायर २४१९२००, निगेटिव्ह ६०४८००. वरचा टीटीएलही (उत्तर कॅशमध्ये किती वेळ राहतं तो) ६०४८००. फाइल एटीसी-बाइंड फोल्डरमध्ये आहे. जळगावात लाइट जाते तेव्हा इन्व्हर्टरवर चार तास निघतात.

भुसावळ आणि चोपड्याच्या शाखांत अनबाउंड (सह्या तपासणारा रिझॉल्व्हर) आहे, दोन्हीकडे छोट्या सिंगल-बोर्ड कॉम्प्युटरवर.

केएसके (कीवर सही करणारी की) आणि झेडएसके (रेकॉर्डवर सही करणारी) वेगळ्या ठेवायच्या की एकच की पुरते? एनसेक३ (एखादं नाव नाही हे दाखवताना झोनमधली बाकीची नावं लपवणारी पद्धत) लागतं का? डीएस (आपल्या कीचा ठसा, जो वरच्या डॉट इन झोनमध्ये बसतो) रजिस्ट्रारकडे नेमका कधी द्यायचा? आणि सोर्स पोर्ट रँडम असताना हे सगळं खरंच गरजेचं आहे का, असं वरिष्ठ विचारतात, त्यांना काय सांगू?

---

पांझरा५३

वरिष्ठांचं आधी. डीएनएसच्या प्रश्नातला आयडी १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३६ शक्यता. सुरक्षा संशोधक डॅन कामिन्स्कीने २००८ मध्ये दाखवलं की अस्तित्वात नसलेली उपनावं एकामागून एक विचारत राहिलं, तर हल्लेखोराला प्रत्येक वेळी नवा डाव मिळतो. कॅशमधला टीटीएल संपायची वाट पाहावी लागत नाही. पोर्ट रँडम केल्याने अंदाज बांधणं फार कठीण झालं, पण तो उपाय संभाव्यतेवर चालतो. २०२० मधल्या सॅड डीएनएस नावाच्या हल्ल्याने तर पोर्ट बाहेरून ताडता येतो हेही दाखवलं. शिवाय वाटेत बसलेल्याला अंदाज बांधायची गरजच नसते, त्याला आयडी आणि पोर्ट दोन्ही दिसतात. सहीमुळे उत्तर कुठून आलं याला महत्त्व राहत नाही, ते मूळ झोनच्या कीने सही केलेलं आहे का एवढंच तपासलं जातं.

आता कामाकडे. तुमच्या वर्णनात सगळ्यात धोक्याची गोष्ट ते एसओएचे आकडे आहेत. सही करण्याआधी ते बदला.

कारण असं. बाइंडच्या डिफॉल्ट धोरणात प्रत्येक सहीची मुदत १४ दिवसांची असते आणि ५ दिवस उरले की ती नव्याने केली जाते. म्हणजे कुठल्याही क्षणी एखाद्या सहीचे फक्त पाचच दिवस उरलेले असू शकतात. तुमचा रिफ्रेश सात दिवसांचा आहे. एखादा नोटिफाय (‘झोन बदलला’ ही प्रायमरीची सूचना) वाटेत हरवला तर धुळ्याचा सेकंडरी सात दिवस प्रायमरीकडे वळून पाहणार नाही, आणि तेवढ्यात त्याच्याकडच्या सह्या शिळ्या होतील. त्यावर एक्स्पायर चार आठवड्यांचा! प्रायमरी बंद पडला तर सेकंडरी चार आठवडे उत्तरं देत राहील, त्यातले शेवटचे दोन-तीन आठवडे मुदत संपलेल्या सह्यांसह. सही नसलेल्या झोनला हे चालतं. सही असलेल्या झोनला मुदत संपलेली उत्तरं म्हणजे सर्व्हफेल (उत्तराऐवजी एरर), आणि तेही फक्त व्हॅलिडेट करणाऱ्यांकडे, म्हणजे सह्या तपासणाऱ्या रिझॉल्व्हरकडे. त्यामुळे तक्रार येते ती ‘काहींना दिसतं, काहींना नाही’ अशी.

आरएफसी ६७८१ या डीएनएससेक चालवण्याबद्दलच्या दस्तऐवजात यासाठी सरळ हिशेब दिला आहे: एक्स्पायर हा सहीच्या मुदतीच्या तिसऱ्या ते चौथ्या हिश्श्याएवढा असावा. १४ दिवसांना साधारण साडेतीन ते पावणेपाच दिवस. मी असे आकडे देईन: रिफ्रेश ३६००, रिट्राय ९००, एक्स्पायर ३४५६००, निगेटिव्ह ३६००, आणि झोनचा टीटीएल ३६००. टीटीएल सात दिवसांचा ठेवूच नका; डिफॉल्ट धोरणात झोनचा कमाल टीटीएल एक दिवस धरलेला असतो आणि की बदलण्याचं सगळं वेळापत्रक त्यावर बेतलेलं असतं. आकडे बदलल्यावर जुना टीटीएल कॅशमधून जाईपर्यंत, म्हणजे पूर्ण सात दिवस, थांबा आणि मगच सही करा.

दुसरं, झोन फाइल एटीसी-बाइंडमधून हलवा. डेबियनचं ॲपआर्मर (प्रोग्रॅमवर बंधनं घालणारी यंत्रणा) तिथे बाइंडला फक्त वाचू देतं. सही केलेली प्रत आणि जर्नल फाइल मूळ फाइलच्या शेजारीच तयार होतात, म्हणून लॉगमध्ये ‘परमिशन डिनाइड’ येईल, आणि फाइलचे हक्क कितीही सैल केले तरी फरक पडणार नाही. जागा आहे व्हार-लिब-बाइंड. तिथेच कीज नावाचा फोल्डर करा, मालक बाइंड युजर, हक्क ७५०.

मग नेम्ड डॉट कॉन्फमधल्या त्या झोनच्या कंसात तीन ओळी (टाइप करताना अर्थात रोमन अक्षरांत):

डीएनएससेक-पॉलिसी डिफॉल्ट;
इनलाइन-साइनिंग येस;
की-डिरेक्टरी, पुढे कीज फोल्डरचा पूर्ण मार्ग;

इनलाइन-साइनिंग स्पष्ट लिहा. जुन्या लेखांत ‘ऑटो-डीएनएससेक मेंटेन’ दिसेल, ते घेऊ नका; ९.२० मध्ये ते काढूनच टाकलं आहे. नंतर नेम्ड-चेककॉन्फ चालवा आणि आरएनडीसी (चालू बाइंडला हुकूम देणारी आज्ञा) रीकॉन्फिग द्या.

डिफॉल्ट धोरण एकच की करतं (सीएसके), अल्गोरिदम १३, म्हणजे ईसीडीएसए पी-२५६, आणि तिला मुदत नसते. तुमच्यासाठी हेच योग्य. केएसके-झेडएसके वेगळ्या करण्याचा फायदा तेव्हा, जेव्हा केएसके ऑफलाइन तिजोरीत ठेवता येते. एकाच मशीनवर दोन्ही असतील तर फक्त फिरवाफिरवी वाढते. अल्गोरिदम १३ ची सही ६४ बाइटची, २०४८ बिट आरएसएची २५६ बाइटची. उत्तर लहान राहिलं की यूडीपीतच मावतं.

एनसेक३ नको. चाळीस नावांत लपवण्यासारखं काय असतं? वेब, मेल, भाव. साधं एनसेक ठेवा. कधी लागलंच तर आरएफसी ९२७६ प्रमाणे इटरेशन ०, सॉल्ट रिकामा. शंभर-दीडशे इटरेशनचे जुने नमुने उतरवून घेऊ नका, काही रिझॉल्व्हर असा झोन सही नसल्यासारखा धरतात.

डीएसचं उत्तर: बाइंड सांगेल तेव्हा. आरएनडीसी डीएनएससेक -स्टेटस आणि पुढे झोनचं नाव दिलं की डीएनएसकी, सह्या आणि डीएस प्रत्येकाची अवस्था दिसते. सुरुवातीला ‘रूमर्ड’ असतं, म्हणजे जगातल्या काही कॅशमध्ये अजून जुनं उत्तर असू शकतं. सह्या ‘ऑम्निप्रेझेंट’ (सगळीकडे पोहोचलेल्या) झाल्या की बाइंड झोनमध्ये सीडीएस रेकॉर्ड (डीएसचा तयार मजकूर) टाकतं. तो दिसला की डीएस द्यायची वेळ झाली. डिफॉल्टला साधारण एक दिवस आणि वर तास-दोन तास लागतात. घाई करून आधीच डीएस चढवला, तर ज्या कॅशमध्ये सही नसलेली उत्तरं पडून आहेत तिथे झोन खोटा ठरतो. आणि सीडीएस दिसला म्हणून डीएस आपोआप वर जाईल असं धरू नका, रजिस्ट्रारच्या पॅनेलमध्ये हाताने भरा.

भरायच्या चार गोष्टी: की टॅग, अल्गोरिदम १३, डायजेस्ट प्रकार २, आणि डायजेस्ट. डीएनएससेक-डीएसफ्रॉमकी -२ आणि पुढे कीची डॉट की फाइल दिली की चारही एका ओळीत मिळतात. डायजेस्ट बरोबर ६४ हेक्स अक्षरांचा हवा, मोजून बघा. डिगमधून (डीएनएसला प्रश्न विचारायच्या आज्ञेतून) उचललात तर ५६ अक्षरांनंतर एक जागा सुटलेली असते आणि शेवटची आठ अक्षरं वेगळी पडतात. काही पॅनेल मागचे आठ गुपचूप कापतात. पब्लिक की डायजेस्टच्या रकान्यात चिकटवणं हीही नेहमीची चूक. पॅनेलमध्ये डीएसचा रकानाच नसेल तर सपोर्टला विचारा, नाही म्हणाले तर रजिस्ट्रार बदलणं हाच उपाय.

डीएस वर दिसतोय का ते थेट डॉट इनच्या नेमसर्व्हरला विचारून बघा, आपल्या रिझॉल्व्हरला नको. दिसला की आरएनडीसी डीएनएससेक -चेकडीएस पब्लिश्ड आणि झोनचं नाव. ही आज्ञा बरेच जण विसरतात. आज काही बिघडत नाही, पण बाइंडच्या लेखी डीएस अजून चढलेलाच नसतो, आणि पुढे की बदलायची वेळ आली की सगळं तिथेच अडकून राहतं.

एक लक्षात असू द्या: इनलाइन-साइनिंगमध्ये बाहेर दिसणारा सीरियल तुमच्या फाइलमधल्या सीरियलच्या पुढे पळतो. घाबरू नका आणि तो जुळवायला जाऊ नका. फाइल बदलली की नेहमीसारखा सीरियल वाढवा आणि त्या झोनचा रीलोड द्या.

---

गिरणा_प्रशासक

पांझरा भाऊंनी सह्यांचं नीट सांगितलं. मी जळगाव-धुळे दुवा आणि शाखांबद्दल लिहितो.

डीएनएससेक आणि टीसिग या वेगळ्या गोष्टी, दोन्ही लावा. सेकंडरीने झोन उचलताना समोर खरंच जळगावच आहे का, हे टीसिग तपासतं. टीसिग-कीजेन चालवलं की एचमॅक-शा२५६ ची की आणि तयार मजकूर मिळतो. तोच दोन्ही मशीनवर टाका आणि अलाउ-ट्रान्सफरमध्ये आयपीऐवजी कीचं नाव द्या. दोन्ही घड्याळांत पाच मिनिटांहून जास्त फरक पडला तर ‘बॅड टाइम’ येऊन ट्रान्सफर बंद पडेल. धुळ्यात झोनच्या सह्या करू नका. तिथे सही झालेला झोन जसाच्या तसा जातो, प्रायव्हेट की जळगाव सोडून कुठे जात नाही.

फायरवॉलवर ५३ पोर्ट यूडीपी आणि टीसीपी दोन्ही उघडा. टीसीपी फक्त ट्रान्सफरसाठी असतं असं मानून बंद ठेवलेलं बऱ्याच ठिकाणी आढळतं. ईडीएनएसचा आकार (यूडीपी उत्तराची कमाल मर्यादा) १२३२ बाइट ठेवा, म्हणजे पाकीट तुकड्यांत मोडत नाही, आणि मोठं उत्तर टीसीपीवर जातं. जुन्या राउटरमध्ये ५१२ बाइटपेक्षा मोठं डीएनएस पाकीट टाकून देणारी ‘संरक्षण’ सेटिंग असते, ती काढा.

शाखांत अनबाउंड जर राउटरकडे फॉरवर्ड करत असेल तर ते आधी थांबवा. स्वस्त राउटरचा फॉरवर्डर सह्या गाळून उत्तर देतो, मग अनबाउंडच्या दृष्टीने सगळ्या सही असलेल्या साइट खोट्या. त्याला थेट रूटपासून (डीएनएसच्या सगळ्यात वरच्या झोनपासून) शोधू द्या. ऑटो-ट्रस्ट-अँकर-फाइल (रूटच्या कीची फाइल) अनबाउंडला लिहिता येईल अशा जागीच हवी, कारण रूटची नवी की, टॅग ३८६९६, जानेवारी २०२५ पासून रूट झोनमध्ये दिसते आहे, आणि जुन्या २०३२६ वरून तिच्याकडे जाणं याच फाइलमधून आपोआप होतं. फाइल फक्त वाचण्यापुरती असेल तर बदलाच्या दिवशी शाखेचं सगळं इंटरनेट बसेल.

तपासायला डिगने डीएनएससेक-फेल्ड डॉट ऑर्ग (मुद्दाम बिघडवलेल्या सहीचं डोमेन) विचारा. सर्व्हफेल आलं पाहिजे. तोच प्रश्न प्लस-सीडी (सही तपासू नको) लावून विचारला की पत्ता मिळतो. दोन्ही वेळा पत्ता आला तर व्हॅलिडेशन चालूच नाही. तुमचं स्वतःचं डोमेन विचारलं की फ्लॅगच्या ओळीत एडी (सही तपासून खरी ठरली) दिसायला हवा. तो तुमच्या नेमसर्व्हरला थेट विचारून कधीच दिसणार नाही, रिझॉल्व्हरलाच विचारावं लागतं.

---

केळीपट्टा_नेट

दोघांचेही मनापासून आभार. एसओए बदलला, फाइल हलवली, टीटीएलचे सात दिवस मोजतोय. सही अजून केलेली नाही, तरी चोपड्यात आजच एक अडचण आली. रात्रभर लाइट नव्हती, सकाळी बोर्ड चालू झाला आणि एकही साइट उघडेना. भुसावळला सगळं ठीक. चोपड्याच्या लॉगमध्ये ‘सिग्नेचर बिफोर इन्सेप्शन डेट’ असं येतंय, तेही थेट रूटच्या डीएनएसकीसाठी. प्लस-सीडी लावलं की उत्तर येतं. आपला झोन तर यात कुठेच नाही?

---

गिरणा_प्रशासक

तुमच्या झोनचा यात काहीच दोष नाही, घड्याळ मागे पडलंय. डेट -यू देऊन बघा, काल रात्री बोर्ड बंद पडला तेव्हाची किंवा त्याहून जुनी वेळ दिसेल. या बोर्डांवर बॅटरीचं घड्याळ नसतं. चालू झाल्यावर वेळ एनटीपीकडून (नेटवरून घड्याळ जुळवणाऱ्या सेवेकडून) घ्यायची, एनटीपी सर्व्हरचं नाव डीएनएसकडून मिळवायचं, आणि डीएनएस सह्या तपासताना म्हणतं की ही सही अजून लागूच झालेली नाही. तिघं एकमेकांची वाट बघत बसतात, आणि आपोआप हे कधीच सुटत नाही.

आत्तापुरतं: डेट -एस ने वेळ हाताने लावा, अनबाउंड रीस्टार्ट करा.

कायमचं: बॅटरीवर चालणारं आरटीसी (घड्याळाचं) मॉड्यूल आय-टू-सी पिनांवर बसवा, हा खरा उपाय. त्याच्या जोडीला क्रोनी या एनटीपी प्रोग्रॅमच्या यादीत एक सर्व्हर नावाऐवजी आयपीने द्या. जळगावच्या मशीनवर क्रोनी चालू असेल तर त्याचाच द्या. क्रोनीत मेकस्टेप १ ३ असू द्या, नाहीतर मोठा फरक ते हळूहळू भरत बसेल. तिसरी सोय म्हणून एनटीपीच्या नावापुरतं अनबाउंडमध्ये डोमेन-इनसिक्युअर लिहिता येतं, मग फक्त त्या नावासाठी सही बघितली जात नाही. व्हॅल-ओव्हरराइड-डेट मात्र वापरू नका. त्याने तारखांची तपासणीच सुटते आणि जुनी, रद्द झालेली उत्तरंही खरी ठरतात.

जळगावचं मशीन वेळ कुठून घेतं तेही बघा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) एनटीपी सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी, घड्याळ जुळलेलं असावं लागतं.

---

पांझरा५३

भो, सही करण्याआधी दोन गोष्टी आत्ताच तयार ठेवा, नंतर धावपळ होते.

पहिली म्हणजे देखरेख. दर सहा तासांनी जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे वेगवेगळं विचारून एसओएवरची सही आणायची. सहीच्या ओळीत दोन चौदा-आकडी तारखा असतात, वर्ष-महिना-दिवस-तास-मिनिट-सेकंद अशा सलग. पहिली मुदत संपण्याची, दुसरी सुरू होण्याची. त्या यूटीसीत असतात, आपली वेळ काढायला त्यांत साडेपाच तास मिळवा. पाच दिवस उरले की सही नवी व्हायला हवी, म्हणून उरलेली मुदत चार दिवसांच्या खाली गेली की मेसेज येऊ द्या. मेसेज याच डोमेनच्या मेलवर पाठवू नका. झोन बसला की मेलही बसेल. फक्त जळगाव तपासून भागणार नाही, शिळ्या सह्या आधी धुळ्यात सापडतात.

दुसरी म्हणजे माघारीचा रस्ता. काही बिघडलं की पहिला हात सह्या काढण्याकडे जातो, आणि तिथेच खरं नुकसान होतं. ३० सप्टेंबर २०२१ ला स्लॅक या चॅट सेवेचं तेच झालं होतं: सही बंद केली, पण डीएस जगभरच्या कॅशमध्ये २४ तासांच्या टीटीएलने बसलेला. वरून ‘हा झोन सहीचा आहे’ असं सांगितलं जातंय आणि खाली सही नाही, म्हणजे थेट सर्व्हफेल. क्रम कायम उलटा: आधी रजिस्ट्रारकडून डीएस काढा, डॉट इनच्या सर्व्हरवरून तो गेल्याची खात्री करा, मग त्याचा टीटीएल पूर्ण संपू द्या. तो किती आहे ते डीएस चढवल्यावर डिगमध्येच दिसेल, लिहून ठेवा. काढल्याचं बाइंडलाही कळवा, आरएनडीसी डीएनएससेक -चेकडीएस विथड्रॉन. त्यानंतर धोरण ‘इनसिक्युअर’ करा, सरळ ‘नन’ नाही. इनसिक्युअर असताना बाइंड स्वतः वेळ मोजून सह्या आणि की उतरवतं. होस्टिंग किंवा नेमसर्व्हर दुसरीकडे हलवतानाही हाच क्रम.

कीज फोल्डरची प्रत ठेवा, एन्क्रिप्ट करून, दुसऱ्या गावात. डॉट की, डॉट प्रायव्हेट आणि डॉट स्टेट, तिन्ही फाइली. स्टेट फाइल नसेल तर बाइंडला कुठली पायरी झाली ते कळत नाही आणि ते नवी की करून बसू शकतं.

जळगावची डिस्क गेली आणि प्रतही नाही, असं झालंच तर घाईत नव्या कीने झोन उभा करू नका. धुळ्यात अजून सही केलेला झोन जिवंत आहे आणि एक्स्पायरचे चार दिवस हातात आहेत. तेवढ्यात डीएस काढा, त्याचा टीटीएल जाऊ द्या, मग नवा प्रायमरी सहीशिवाय उठवा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करा.

---

केळीपट्टा_नेट

समजलं. चोपड्यात घड्याळ हाताने लावलं, सगळं सुरू झालं. दोन्ही शाखांसाठी आरटीसी मॉड्यूल मागवतोय. एकच शंका उरली. रजिस्ट्रारच्या पॅनेलचा पासवर्ड कोणाच्या हाती लागला तर डीएनएससेक काय करेल?

---

गिरणा_प्रशासक

काहीच नाही. तो डीएस काढेल, नेमसर्व्हर बदलेल, आणि हवं तर स्वतःच्या कीचा डीएस चढवेल. व्हॅलिडेटरला (सह्या तपासणाऱ्या रिझॉल्व्हरला) ते सगळं खरं म्हणूनच दिसेल. पॅनेलला दोन टप्प्यांचं लॉगिन लावा, ट्रान्सफर लॉक चालू ठेवा, आणि खात्याचा रिकव्हरी ईमेल याच डोमेनवरचा असेल तर आजच बदला. डॉट इनच्या सर्व्हरवरचे एनएस (आपल्या नेमसर्व्हरची नावं) आणि डीएस पांझरा भाऊंनी सांगितलेल्या तपासणीतच घाला. बदल दिसला आणि तो तुम्ही केलेला नसेल, तर रजिस्ट्रारला लगेच फोन.